रेवस ते रेडी, पायी

रेवसपासून रेडीपर्यंत कोकणचा किनारा पायी चालायचा, महिन्यातल्या एका रविवारी थोडा थोडा, असं बाबांनी आणि मी ठरवलं होतं. त्या रविवारी श्रीवर्धनच्या चढावर ते पाच वेळा थांबले. कधी बुटाची लेस बांधायला, कधी धनेश पक्षी बघायला.

“बाबा, म्हातारे झालात,” मी म्हणाले.

“झालो गं बाई,” ते हसले.

बुधवारी मालाडच्या घरी झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

पुढचा टप्पा मी त्यांचे मित्र फिलिप अंकल यांच्याबरोबर चालले. बाणकोटच्या चढावर मला राहवलं नाही. “अंकल, त्या दिवशी बाबा दमत होते आणि मी चेष्टा केली. मला कळायला हवं होतं.”

“दशरथ आणि दमणार? येडी आहेस काय तू? आदल्याच दिवशी पवईच्या टेकडीवर मला मागे टाकून पळाला तो. म्हणायचा, पोरीला चढावर धाप लागते, पण मेली कबूल करणार नाही. मग मीच काहीतरी निमित्त काढून थांबतो.”

अंकल पुढे निघून गेले. मी वाटेतल्या दगडावर बसले आणि मोठ्याने म्हणाले, “बाबा, मी दमायचे हो. तुम्ही थांबायचात, फार बरं वाटायचं.”