एकाच घरचे

कुरुंद्याची ज्योती जाधव वसमतच्या कॉलेजात शिकवायला लागली. खोली बघायला गेली, तेव्हा घरमालकीण नर्मदाबाईंनी कौतुकानं तिचं संशोधन विचारलं.

“मराठीतलं ‘देणे’ आणि रशियन, फारसी, लॅटिनमधले त्याचे भाऊबंद, सगळे एकाच जुन्या क्रियापदाचे वंशज. ते मूळ कुठंच लिहिलेलं नाही. वंशजांची तुलना करून ओळखायचं.”

“म्हंजे समदे एकाच घरचे म्हणा की, मॅडम!” नर्मदाबाईंनी चहा ठेवला. “जाधव व्हय... मामाचं आडनाव काय? कुरुंद्यात घर कोणीकडं?”

“मामा पाईकराव. घर बुद्धविहाराजवळ.”

नर्मदाबाईंनी गॅस बंद केला. “खोली तर कालच गेली, मॅडम.”

 

बाहेर फाटकावर पाटी तशीच होती : ‘खोली भाड्याने देणे आहे.’