थंड भट्टी

असं समजा, की तुम्ही एका बेकरीच्या मागच्या खोलीत उभे आहात. भिंतीलगत पिठाची पोती, मधोमध लांब टेबल आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीची लोखंडी गॅसभट्टी. एरवी या खोलीत घामाच्या धारा लागतात. आज मात्र गारवा आहे, कारण भट्टी सकाळपासून बंद ठेवलीय. ती विकायची आहे.

खोलीत तुम्ही सोडून चौघं. एक बेकरीवाली. दुसरी तिची शाळकरी मुलगी. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती कधी रिकाम्या हातानं हिंडत नसे आणि चावली की सोडत नसे. तिसरा जुन्या यंत्रांचा व्यापारी, आणि चौथी त्यानं गिऱ्हाईक म्हणून आणलेली तरुण बाई. नोकरी सोडून ती स्वतःची बेकरी काढायला निघाली होती.

ही भट्टी मुंगीच्या आईला याच व्यापाऱ्यानं विकलेली. तेव्हाही ती थंडच होती. दार घट्ट बसत होतं. "जशी आहे तशी घेतली" असं लिहिलेल्या कागदावर आईनं सही केली. मग पहिल्याच दिवशी भट्टी तापली, दाराचा पत्रा वरच्या डाव्या कोपऱ्यात वाकला आणि तिथून निघालेल्या झळेनं आईचा हात कोपरापर्यंत भाजला. पाव आतून कच्चेच राहिले. भट्टी निवली की दार पुन्हा शहाण्यासारखं बसायचं. आई जाब विचारायला गेली, तर तो हसून म्हणाला होता, ताई, वस्तू डोळे उघडे ठेवून घ्यायची असते.

मग आई मुंगीला घेऊन एका वकीलबाईंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दिसणारी खोट बघणं हे घेणाऱ्याचं काम, त्या म्हणाल्या. पण न दिसणारी खोट विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि त्यानं ती मुद्दाम लपवली असेल, तर ती फसवणूक. कागदावर काहीही लिहून घेतलं तरी ती माफ होत नाही. फक्त त्याला ठाऊक होतं, एवढं दाखवून द्या.

इथंच गाडं अडलं. माणसाच्या डोक्यात काय होतं, याचा साक्षीदार कुठून आणायचा? आईनं नाद सोडला. मुंगीनं मात्र वकीलबाईंचं ते शेवटचं वाक्य तेव्हापासून दाताखाली धरून ठेवलं होतं.

आजचा बेत त्या व्यापाऱ्याचाच. विकणार आई, घेणार ही तरुण बाई, आणि हा मधल्यामधे दलाली घेऊन मोकळा. पुढं दार वाकलं, तर शिव्या आईला. भट्टी पेटवायची नाही, एवढी एकच त्याची अट होती. आईनं ती मान्य केली होती. ही धोंड गेली तरच दुसरी भट्टी येणार होती. सकाळी बाही मनगटापर्यंत ओढून घेत ती मुंगीला म्हणाली होती, "आज तोंडातून शब्द काढायचा नाहीस."

"मी तर ही भट्टी आज पहिल्यांदाच बघतोय," व्यापारी तरुण बाईला सांगत होता. "पण माणसं सरळ आहेत हो."

आई फरशीकडे बघत राहिली.

तरुण बाईनं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग आईकडे वळून विचारलं, "ताई, काही खोट नाही ना?"

आईनं बाही आणखी खाली ओढली. व्यापारीच मधे बोलला, की समोर तर आहे, डोळ्यांनी बघा, हातानं ठोका, मागाहून तक्रार नको.

मुंगीनं टेबलावरची काडेपेटी उचलली. रोजचंच काम. चावी फिरवून तिनं भट्टी पेटवली आणि दार लावून घेतलं.

व्यापारी म्हणाला, पोरी, उगाच गॅस कशाला जाळतेस, बाईंना उशीर होतोय. तरुण बाई म्हणाली, मला कसली घाई, तापलेली बघितली तर बरंच. तिनं स्टूल ओढलं आणि भट्टीसमोर ठाण मांडलं. मग व्यापाऱ्यालाही हसून मान डोलवावी लागली. तो दाराच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसला होता. गप्पा सुरू झाल्या. तो बाजारभाव सांगत होता, कामगार कसे टिकत नाहीत ते सांगत होता. आत लोखंड हळूच कुरकुरलं. बोलता बोलताच तो उठला, स्टूल उचललं आणि दाराच्या उजव्या बाजूला, पार पोत्यांपाशी जाऊन बसला.

"का हो, तिकडे का?" तरुण बाईनं विचारलं.

"तिथं झळ लागते."

तिनं दारावर तळहात टेकवला. दार अजून जेमतेम कोमट होतं, झळ कुठंच नव्हती. तिनं हात तसाच ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं.

आईनं मान वर केली आणि बाही कोपरापर्यंत सारली.

"सांगा की, भाऊ," ती म्हणाली. "पहिल्यांदाच बघताय ना?"

तरुण बाईची नजर त्या हातावरच्या भाजल्याच्या डागांवरून दाराच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. तिनं आपलं स्टूल मागं घेतलं. व्यापाऱ्याला एकदम कुठलंसं काम आठवलं आणि तो उठला.

आईनं बोलू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून मुंगी बोलली नाही. तिनं त्याचं स्टूल उचललं, आधी होतं तिथंच, डाव्या कोपऱ्यासमोर नेऊन ठेवलं. फडक्यानं नीट पुसलं. आणि पाहुण्याला दाखवावा तसा हात दाखवून त्याला बसायची खूण केली.