विसरण्याची सुई

उपचारांचा शेवटचा दिवस होता. नर्स विसरण्याची सुई घेऊन आली. ती टोचली की मनाच्या दवाखान्यातले नऊ आठवडे आठवणीतून पुसले जात आणि बरं वाटणं तेवढं उरे. घरचे सांगत, तू नागपूरला ट्रेनिंगला गेला होतास. पेशंटलाही तेच खरं वाटे.

"मला नको," कुमुदिनी गावंडे म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची.

तिचा नवरा विनायक खुर्चीतून उठला. "अगं, सगळेच घेतात. शाळेत कळलं तर पोरांचे आईबाप काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझी धाकटी बहीण चार महिने अंथरुणातून उठलेली नाही. इथे चल म्हटलं की विचारते, आपल्यातलं कुणी कधी गेलंय का तिथे? सगळेच विसरून परत येतात. मग तिला 'हो, मी गेले होते' म्हणणारं कोण भेटणार?"

नकाराच्या कागदावर नातेवाइकाची सही लागत होती. ती विनायकने केली.

कुमुदिनी थेट बहिणीकडे गेली. शालिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी ट्रेनिंगला गेले नव्हते," कुमुदिनी म्हणाली. "त्या दवाखान्यात होते. पहिले दोन आठवडे नुसती रडले. मग हळूहळू भूक लागायला लागली."

शालिनीने कूस बदलली.

"तिथे झोपताना दिवा चालू ठेवू देतात का?"

"देतात. मी ठेवायचे."