दगडूंचं मशीन

दगडू होडीसकट खाडीत बुडाले, तेव्हा हाती लागलं ते फक्त होडीचं जुनं मशीन. वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकांनी ते भंगारात द्यायला सांगितलं, पण दगडूंची मुलगी समीक्षा हटली नाही.

आज कोपरीच्या घराच्या अंगणात तिनं मशीन पंखा पाण्यात राहील असं भरल्या पिंपाच्या काठावर चढवलं आणि ठिणगीची वेळ जुळवायला आतली प्लेट केसभर फिरवली.

“आई, आता बघ.” तिनं दोरी ओढली. मशीन धडधडलं.

“जिंकलीस गं,” रखमाबाई म्हणाली. मायलेकींना हसू आवरेना.

मनसोक्त ऐकून समीक्षानं मशीन बंद केलं.

धडधड थांबली नाही. ती खाडीवरून येत होती, किनाऱ्याकडे सरकत होती.

रखमाबाईनं पदर सारखा केला. “चहा ठेव,” ती हसतच म्हणाली. “तुझा बाबा आला.”