दोष ग्रंथीचा

“हात पुढे करा. बोटं पसरा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी हात पुढे केले. डॉक्टरीणबाईंनी पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद ढिम्म हलला नाही. साहेबांनी तो हलवायचा थोडा प्रयत्न केला, पण डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं तसा तो प्रयत्नही थांबला.

नाडी संथ होती. वजन जागच्या जागी होतं, किंबहुना दर वर्षी थोडी जास्तच जागा घेत होतं. घाम नाही, धडधड नाही.

“झोप?”

“शेजारच्यांना विचारा,” बायको म्हणाली. “घोरणं भिंतीपलीकडे जातं.”

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रिपोर्ट उचलला. रिपोर्टप्रमाणे साहेबांची थायरॉईड ग्रंथी उधळली होती. साहेब मात्र खुर्चीत आरामात बसले होते.

“पण राग येतो ना मला!” साहेब म्हणाले. “ते लक्षण लिहा.”

साहेब विमा कंपनीत साहेब होते. घरी आल्यावर ते बूट काढत, साहेबी काढत नसत. चहात साखर कमी पडली म्हणून त्यांनी कप भिंतीवर फेकला, त्याच संध्याकाळी बायकोने बहिणीकडे कायमचं जायला बॅग भरली. आणि त्याच संध्याकाळी ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. आजारी माणसाला टाकून जायचं कसं? बॅग माळ्यावर गेली. भिंतीवरचा डाग तिने पुसला आणि पुसताना मनातल्या मनात नवऱ्याची माफीही मागितली.

साहेबांनी मात्र कुणाची माफी मागितली नाही. त्यांनी खुलासे केले. मेहुण्याला फोन करून कळवलं, की भर जेवणात त्याला गाढव म्हणाली ती ग्रंथी. ज्या टायपिस्टला रडवलं होतं, तिला सांगितलं, की हे वैद्यकीय आहे, मनावर घेऊ नका. लोक चुकचुकले. कुणी फुलं आणून दिली. त्यानंतर साहेब ओरडण्याआधी गळ्यावर हात ठेवू लागले आणि मग निर्धास्तपणे ओरडू लागले.

“हा राग कधीपासून?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“लग्नाच्या फोटोत आहे,” बायको म्हणाली. “फोटोग्राफरवर ओरडतायत.” मग ती जरा पुढे सरकली. “डॉक्टर, ग्रंथी तेव्हापासूनच बिघडलेली असेल का हो?”

तिच्या आवाजात इतकी आशा होती, की डॉक्टरीणबाईंना क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं.

“इतकी वर्षं ग्रंथी अशी उधळलेली असती तर हे इतके गुबगुबीत दिसले नसते. अंगात एक लक्षण नाही आणि आजार फक्त कागदावर. कुठेतरी गफलत आहे. केसांसाठी, नखांसाठी काही गोळ्या घेता? त्यांत बायोटिन असतं. रक्त तपासणारं यंत्र त्याने फसतं. ग्रंथी बिचारी ठीक असते आणि रिपोर्ट बोंबा मारतो.”

“छे!” साहेब म्हणाले. “मी असल्या फंदात पडत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. डाव्या कानावरून निघालेले मोजके केस मोठ्या शिस्तीत उजव्या कानापर्यंत पोचवलेले होते.

“नक्की? कारण मग पुढच्या तपासण्या आणि औषध. हे औषध ग्रंथीला लगाम घालतं. धडधाकट माणसाला दिलं तर त्याची ग्रंथी विनाकारण मंदावायची.”

“द्या औषध,” साहेब म्हणाले.

बायको हातातल्या रुमालाला पीळ घालत होती. ती गप्प बसली असती तर नवरा आजारी राहिला असता. आजारी माणूस बरा होऊ शकतो. तिला फक्त तोंड मिटून घ्यायचं होतं.

“घेतात,” ती म्हणाली. “केसांसाठी. दाढीच्या डब्यात, साबणाखाली लपवतात. रोज दोन गोळ्या.”

“खोटं!” साहेब गरजले. “एकच घेतो!”

साहेबांचा हात सवयीने गळ्यावर गेला आणि तिथून केसांवर.

“बंद करा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुढच्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासू.”

आठवडाभर साहेब गोळ्यांशिवाय राहिले. ओरडणं पूर्वीसारखंच चालू होतं. पुन्हा रक्त दिलं आणि रिपोर्टच्या दिवशी दोघं परत त्याच खुर्च्यांवर बसली. बायकोच्या पायाशी बॅग होती. साहेबांनी ती येतानाच पाहिली होती आणि मनातून ते सुखावले होते. भरती करून घेतलंच, तर बायकोने कपड्यांची सोय केली होती.

“अभिनंदन!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सगळं जिथल्या तिथे आहे. ग्रंथी उत्तम. तुम्हाला काहीही झालेलं नाही.”

“पुन्हा एकदा नीट बघा,” साहेब म्हणाले.

“दोनदा पाहिलं. ठणठणीत आहात. जे काही आहात ते तुम्हीच आहात.”

बायकोचे डोळे भरून आले.

“अहो, आता रडायला काय झालं? चांगली बातमी आहे.”

“मला वाटलं होतं,” ती म्हणाली, “यांच्यावर औषध आहे.”

साहेबांनी ते ऐकलं नाही. मेहुण्याला आता काय सांगायचं या विचारात ते उठले, केस सारखे केले आणि बॅगेकडे बोट दाखवून म्हणाले, “हे ओझं उगाच आणलंस. ॲडमिट व्हायची वेळच आली नाही. आता घरी जाऊन माझे कपडे नीट कपाटात लाव.”

तिने डोळे पुसले आणि बॅग उचलली.

“यात तुमचे कपडे नाहीत.”