नाव न सांगता

इल्का दार ढकलून आत आली आणि तिथेच थबकली. टेबलामागे तिच्या शेजारच्या हॅर्टेलबाई बसल्या होत्या.

गुरुवारी हॅर्टेलबाई इथलं काम आटपून एक वीसच्या बसनं घरी जातात, हे इल्काला पाठ होतं. नऊ वर्षं ती बस तीच चालवत होती. म्हणून तर तिनं गुरुवारी दुपारी तीनची वेळ घेतली होती, फोनवर नाव न सांगता. कायद्यानं गर्भ काढायचा तर आधी अशा सल्ला केंद्रात येऊन बोलावं लागतं, इथलं प्रमाणपत्र मिळाल्यावर मध्ये तीन दिवस जाऊ द्यावे लागतात. बोलताना नाव सांगायची मात्र सक्ती नसते. आता समोर शेजारीणच बसलेली म्हटल्यावर नाव लपवून काय उपयोग? आज इल्कानं रजा घेतली नसती, तर बाई बसमध्ये चढल्या नाहीत हे तरी तिला कळलं असतं.

"माझी सहकारी आजारी पडली आहे," बाई म्हणाल्या. "हवं तर दुसऱ्या गावातल्या केंद्राची वेळ मिळवून देते. पण ती पुढच्या आठवड्यातली मिळेल."

गर्भ काढायची बारा आठवड्यांची मुदत पुढच्या आठवड्यातच संपत होती. इल्का बसली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमचं नाव मला सांगू नका. मी तुम्हाला ओळखत नाही. चालेल?"

इल्कानं मान हलवली. तिचे कान लालबुंद झाले होते.

"मुलं आहेत तुम्हाला?"

"दोन. सहा वर्षांचा आणि तीन वर्षांचा."

"थंडीत टोप्या घालतात का?"

"मोठा घालतो. धाकटा काढून फेकतो."

"टोचत असेल," बाई म्हणाल्या. दोन्ही टोप्या त्यांनीच विणलेल्या होत्या.

इल्काला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. बाईंनी कागदी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला.

"कारण सांगायलाच हवं का?"

"नाही. सांगितलंत तर ऐकेन."

"तिसऱ्यासाठी माझ्यात ताकद उरलेली नाही. बाकी काही नाही."

"बरं."

मग कायद्यानं जे जे सांगायचं ते बाईंनी सांगितलं. मूल ठेवलं तर कोणकोणती मदत मिळते, नाही ठेवलं तर काय काय होतं, आणि निर्णय तुमचा आहे. वीस वर्षं रोज हेच सांगत आलेल्या बाई आज कागदात बघून वाचत होत्या. मान वर करायचा त्यांना धीर होत नव्हता.

"दिवस ठरलाय?"

"मंगळवार. केम्नित्झच्या दवाखान्यात."

"भूल देणार?"

"हो."

"मग घरी न्यायला कोणीतरी लागेल. तुम्हाला एकटीला सोडणार नाहीत, आणि गाडी तर त्या दिवशी मुळीच चालवायची नाही. आहे कोणी?"

"नवरा ट्रक घेऊन पोर्तुगालला गेलाय. त्याला माहीत आहे, पण तो मंगळवारपर्यंत पोचत नाही."

"आई? मैत्रीण?"

"कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. टॅक्सी करेन."

"टॅक्सीवाल्याच्या हवाली करत नाहीत हो."

"मग बघेन काहीतरी."

बाईंनी वाचून झालेला कागद बाजूला ठेवला. ओळखपाळख नसलेल्या बाईनं यावर काय बोलायचं?

"प्रमाणपत्रावर नाव लागतं," शेवटी त्या म्हणाल्या. "ते शेजारच्या खोलीत लिहून देतील. ओळखपत्र त्यांना दाखवा. मी बघणार नाही."

कागद घेऊन इल्का परत निघाली तेव्हा बाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. दाराकडे पाठ करून त्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होत्या. कुंडीखालची बशी भरून पाणी खाली सांडत होतं, तरी घालतच होत्या.

शुक्रवारी सकाळी इल्का सात दहाच्या बसवर होती. रात्रभर तिला झोप नव्हती. बाई आपल्याशी बोलतील का, बोलल्या तर काय बोलतील, आणि न बोलल्या तर रोज सकाळी त्यांच्यासाठी दार कसं उघडायचं, हेच डोक्यात चाललं होतं.

चौथ्या थांब्यावर हॅर्टेलबाई चढल्या. कोणी कधी बघत नसे तो पास त्यांनी नेहमीसारखा वर धरला.

"अगं इल्का, बरं झालं भेटलीस. काल रजेवर होतीस वाटतं?"

"हो."

"मंगळवारी मी पण रजा घेतलीये. लोकर आणायला जायचंय, केम्नित्झला. गाडी काढणार आहे."

इल्का बघतच राहिली. बाईंची गाडी वर्षातून दोनदा बाहेर निघायची, तीही चाकं जाम होऊ नयेत म्हणून, आणि त्यातल्या एका खेपेला गॅरेजच्या दारातच आरसा मोडून आत गेली होती. त्या दिवशी अख्खी गल्ली बघायला जमली होती.

"तुम्ही? आणि मोठ्या रस्त्यावर?"

"भीती वाटते ना. म्हणून तर तुला विचारतेय, येतेस का सोबत." बाई आपल्या ठरलेल्या पहिल्या सीटवर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. "जाताना तू चालव. येताना मी चालवीन."

मागून कोणीतरी ओरडलं, दार लावा, गार वारा येतोय. इल्कानं डोळे पुसले, दार लावलं. त्या दिवशी सात वीसला बाजारात पोचणारी बस सात चोवीसला पोचली.