आगगाडीतला शालू

आजोबा गेल्यापासून पेटीत असलेला आजीचा शालूच स्वतःच्या लग्नात नेसायचा, असा अबोलीचा हट्ट. म्हणून सरोजिनी नगरात रफूवाल्यासमोर आजीनं शालू उलगडला. पदरावर वाटाण्याएवढं जळकं भोक होतं. "माताजी, ये कैसे जला?" "आगगाडी में." अबोली दचकली. "आजी, गाडीला आग लागली होती?" आजी हसली, दिल्लीत वाढलेल्या नातीला शब्दच ठाऊक नव्हता. "अगं, कोळशाच्या इंजिनाची ट्रेन. लग्न होऊन इकडे येताना खिडकीतून ठिणगी पदरावर पडली. तोवर दोन दिवसांत आजोबा माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. पण झटकन त्यांनीच तळव्यानं विझवली." "मग? फोड आला?" "आला की! दिल्लीपर्यंत मीच फुंकर घालत होते." रफूवाल्यानं सुईत धागा ओवून भोकाच्या कडा जुळवल्या. तशी आजीनं झटकन त्यावर तळवा ठेवला. "नको! भैया, इतना तो रहने दो."